उसाला तोड आली, पोरांना कुठं ठेवायचं? (गोदाकाठचा बिबट्या)

मळेकरी_गोदाकाठ
नमस्कार मंडळी. इथं तीन-चार वर्षं नुसतं वाचतोय, लिहायची वेळ आज आली.

आम्ही निफाड तालुक्यात गोदाकाठाला राहतो. गावात नाही, मळ्यात. पुढं दोन एकर द्राक्षबाग, मागं तीन एकर ऊस, उसाच्या पलीकडं चारी आणि चारीपलीकडं शेजाऱ्याचा ऊस. घरात आई, दादा, आम्ही दोघं, सहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी.

दिवाळीनंतर आठ दिवसांत आमची कुत्री गेली. साखळी जागेवर, गळ्यातला पट्टा तुटलेला. मग शेजारच्या मळ्यातली शेळी गेली. परवा संध्याकाळी सातच्या सुमारास बायको गोठ्यात धार काढत होती आणि मुलगा बादली घेऊन हौदाकडं निघाला. दादा ओट्यावर बसले होते. हौदापासून वीसेक पावलांवर, उसाच्या कडेला, त्यांना ते बसलेलं दिसलं. दादांनी आरोळी ठोकली, काठी आपटली. ते उठलं, आमच्याकडं बघितलं आणि उसात गेलं. पळालं नाही, चालत गेलं. तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही.

पिंजऱ्यासाठी अर्ज दिलाय. सध्या पिंजरे दुसऱ्या गावांत लागलेत, मोकळा झाला की पाठवू, असं उत्तर मिळालं.

माझ्यासमोर आत्ता तीन गोष्टी आहेत. मोटारीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते, त्यामुळे बागेला पाणी भरायला बारा-एक वाजता बाहेर पडावंच लागतं. दुसरं, पंधरा दिवसांत आमच्या उसाला तोड येईल. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. तोडीला चाळीसगावकडची टोळी येते आणि त्यांच्या कोप्या दरवर्षी आमच्याच बांधावर, फडाला लागून पडतात. पाचटाच्या भिंती, दाराला पोतं. आत दोन-दोन वर्षांची लेकरं झोपतात. आई-बाप पहाटे चारला फडात. मी माझी पोरं कडी लावून आत ठेवीन, त्यांच्या पोरांचं काय?

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा. पिंजरा येईपर्यंत काय करू?

दारणाकाठ
भाऊ, वाचून अंगावर काटा आला, कारण आम्ही यातून गेलोय. २०२० चा उन्हाळा. एकीकडं लॉकडाऊन, दुसरीकडं दारणा नदीच्या दोन्ही काठांवर हा प्रकार. लहान मुलं गेली, म्हातारी माणसं गेली. आमच्या वाडीपासून दोन किलोमीटरवर एका घरातलं नातवंड गेलं, आजोबांच्या समोरून. त्या घरी मी चार दिवस जात होतो, तिथं बोलायला शब्द नव्हते.

पिंजऱ्यांमागून पिंजरे लागले, बिबटेही सापडत गेले. पण माणसावर आलेला नेमका कोणता, हे कुणाला सांगता येईना. शेवटी लाळेचे नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत जुळवायला पाठवले. तोवर आम्ही चार वाजल्यापासून दारं लावून बसायचो.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. पिंजऱ्याचा पाठपुरावा सोडू नका. आणि शहरातल्या घरात बसून ‘तो त्याच्या जागेत राहतोय, आपणच अतिक्रमण केलंय’ असं कुणी लिहिणार असेल तर कृपया इथं नको. आमच्या आज्याच्या आज्यानं ही जमीन कसली आहे.

वैशाली_सिडको
मळेकरी दादा, काळजी घ्या. मी शहरात राहते, त्यामुळे शिकवायचा माझा अधिकार नाही. फक्त एक विचारते. पकडलेला बिबट्या लांबच्या जंगलात सोडला तर प्रश्न मिटायला हवा ना? मग दरवर्षी पुन्हा तेच का होतं?

अकोले_ते_नाशिक
वैशालीताई, हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो. आमच्या भागात याच्यावर बरंच काम झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्नर भागात साधारण २००१ नंतर हेच केलं गेलं. शेतात दिसलेले बिबटे धरायचे आणि आसपासच्या जंगलांत नेऊन सोडायचे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं त्या नोंदी तपासल्या. त्याआधी तिथं माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, बिबटे हलवायला लागल्यावर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात धडका मारून दात-नख्या दुखावलेलं, माणसाच्या हाताळणीनं बिथरलेलं जनावर शांत कसं बसेल? शिवाय रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. तिथं दुसरा येतो, आणि तो बहुतेक तरणा, हद्द शोधत फिरणारा असतो. जुना निदान कुठं कुत्रं आहे, कुठं माणूस आहे, कधी बाहेर पडायचं हे जाणून असतो.

आणि परत यायचं म्हटलं तर अंतराचं त्याला काही वाटत नाही. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर विहिरीत पडला होता. त्याला काढून, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. आपला मुंबई-आग्रा महामार्ग, कसाऱ्याची रेल्वे, सगळं ओलांडून. वाटेत एकाही माणसाला त्यानं हात लावला नाही. २०११ च्या अखेरीस घोडबंदर रस्त्यावर गाडीखाली गेला.

दुसरी गोष्ट. आपण धरून चालतो की तो जंगलातून येतो. आमच्या अकोले तालुक्यात शेतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावून मोजले तेव्हा १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ मोठे बिबटे निघाले. ऊस, मका, टोमॅटो, वस्ती, शाळा, आणि त्याच्यातच बिबटे. विष्ठेवरून खाणं तपासलं तर ८७ टक्के पाळीव आणि गावातली जनावरं. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी कुत्री जास्त खाल्ली गेली, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं मोकळं. तुमच्या मळ्यातल्या बिबट्याची आई बहुधा उसातच व्याली असणार. त्याला परत सोडायला जंगल कुठलं शोधायचं?

दारणाकाठ, तुमचं दुःख मी कमी लेखत नाही. माणसावर चटावलेला असेल तर त्याला हटवलाच पाहिजे. फक्त पिंजऱ्यात पहिला जो सापडतो तो कुत्रं खाऊन गप्प राहणारा निघायचा, आणि आपण निर्धास्त होऊन पोरं अंगणात सोडायची, ही भीती आहे.

दारणाकाठ
हे मान्य. आमच्याकडं नेमकं तेच झालं होतं. पहिला धरला त्या रात्री लोकांनी फटाके फोडले. आठवड्यानं पुन्हा हल्ला.

गोठा_आणि_दवाखाना
मी पशुवैद्यक आहे, सिन्नर-निफाड पट्ट्यात फिरते. मळेकरी, आज उद्यात करण्यासारखं सांगते.

गोठ्याला चारही बाजूंनी जाळी, आणि वरूनही. लोक बाजू बंद करतात, वरची मोकळी सोडतात. दहा फुटांच्या भिंतीवरून तो शेळी तोंडात धरून जातो, हे मी स्वतः पंचनाम्याच्या वेळी ठशांवरून पाहिलंय. चेनलिंक चालेल, पण खालची कड जमिनीत पुरा. दाराला आतून नाही, बाहेरून पक्की कडी. कुत्रा असेल तर रात्री तोही आत. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट.

मेलेली कोंबडी, गाईची वार, पोल्ट्रीची घाण चारीत टाकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. आमच्या भागात एका पोल्ट्रीवाल्यानं खड्डा करून चुना टाकून पुरायला सुरुवात केली. आसपासच्या मळ्यांतली कुत्री दोन महिन्यांत निम्मी पांगली.

भरपाईचं पण लक्षात ठेवा. जनावर मारलं असेल तर ४८ तासांच्या आत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मढं जागेवरून हलवू नका. घाईनं पुरून टाकतात आणि मग हातात काही येत नाही. गाय, म्हैस, बैल गेला तर बाजारभावाच्या ७५ टक्के, कमाल ७० हजार. शेळी-मेंढीला कमाल १५ हजार. माणूस गेला तर वारसांना २५ लाख आहेत, पण त्या आकड्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६, घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला, आईच्या साध्या फोनमध्येसुद्धा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, बुटकं जनावर वाटतं. खुरपणारी बाई, शौचाला बसलेला माणूस, रांगणारं मूल, यांच्यावर झेप जास्त येते. संध्याकाळी सहानंतर अंगणात कुणी बसून भांडी घासायची नाहीत. शौचालय घराला लागून हवं आणि तिथवर दिवा हवा.

मोहफूल
मी नाशिकला इंदिरानगरला राहते, पण माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोऱ्याकडचं. आमच्याकडं बिबट्यापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त. हा धागा वाचताना सारखं गाव आठवतंय.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. बाया पहाटे अंधारात टोपली घेऊन निघतात, कारण उशीर केला तर फुलं दुसरा वेचतो. अस्वलालाही तीच फुलं हवी असतात आणि तेही त्याच वेळी येतं. त्याची नजर अधू, नाक तेज. वारा उलटा असला तर त्याला आपली चाहूल लागत नाही, आणि खाली वाकून वेचणाऱ्या बाईला त्याची लागत नाही. दोघं एकदम समोरासमोर येतात. अस्वल खायला येत नाही, घाबरून येतं, पण उभं राहून थेट तोंडावर नख्या मारतं. माझ्या मावशीचा एक डोळा आणि अर्धा गाल त्यात गेला. ती आजही पदरानं तोंड झाकून बसते.

बिबट्या वेगळा आहे, तो मागून येतो, लपून येतो. पण आमच्याकडं जे उपयोगी पडलं ते इथंही पडेल असं वाटतं. मावशीनंतर गावानं ठरवलं की उजाडल्याशिवाय कुणी झाडाखाली जायचं नाही, आणि एकटं जायचं नाही. चार-पाच बाया मिळून, मोठ्यानं बोलत जातात. कुणाची फुलं कुणी वेचायची यावरून आधी भांडणं व्हायची, म्हणून झाडं वाटून घेतली. झाड आपलंच आहे म्हटल्यावर अंधारात धावायची गरज उरली नाही. अस्वलं तेवढीच आहेत अजून. जखमी होणारी माणसं कमी झाली.

तुमच्या रात्रीच्या पाण्याचं मला तसंच वाटतं. माणूस अंधारात का जातो, ते आधी सोडवलं पाहिजे.

मळेकरी_गोदाकाठ
मोहफूलताई, तुमच्या मावशींबद्दल वाचून दादांनाही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

डॉक्टरताई, आज गोठ्याला वरून जाळी टाकली. कुत्र्याचं नवं पिल्लू आणायचं ठरलं होतं, ते सध्या थांबवलंय.

दिवे_लावा
आम्ही ओझरजवळ राहतो. उघडझाप करणारे सौर दिवे लावले होते. पहिले पंधरा दिवस फरक जाणवला, नंतर त्याला सवय झाली. आता दर आठवड्याला जागा बदलतो. घरापासून वीस-पंचवीस फुटांपर्यंत गवत, घाणेरी, पाचट काही ठेवत नाही, त्याचा उपयोग दिव्यापेक्षा जास्त झालाय. लपायला आडोसाच नसला की तो उघड्यावर येत नाही.

रात्रीच्या विजेबद्दल: आमच्या फीडरवर सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज सुरू झाली. ही योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला. ग्रामपंचायतीनं जागा दिली, ठराव केला, पाठपुरावा केला. दोन वर्षं लागली. पण मागच्या हिवाळ्यात मी एकदाही रात्री मोटारीवर गेलो नाही. माझ्या बायकोला विचारा या एका गोष्टीची किंमत.

वैशाली_सिडको
अकोले दादा, उत्तराबद्दल आभार. एक आठवलं म्हणून लिहिते. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या सावरकरनगरमध्ये बिबट्या आला होता, तेव्हा मी गंगापूर रोडलाच कामाला होते. बंगल्यांच्या गच्च्या, भिंती, झाडं, सगळीकडं माणसं. पत्रकार आणि नगरसेवक जखमी झाले. त्या गर्दीत मीही मोबाइल वर धरून उभी होते. त्याला जायला वाट नव्हती, ती आम्हीच अडवली होती. आज त्याची लाज वाटते.

वाघबारस
वैशालीताई, तुम्ही हे लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

मी इगतपुरीकडचा. आमच्या पाड्यांवर वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस असते. शिवेवर वाघदेव आहे, लाकडावर वाघ, सूर्य, चंद्र, नाग कोरलेला. गुराखी पोरं तिथं नैवेद्य नेतात. आजी सांगायची, त्याचं नाव रात्री घ्यायचं नाही, ‘मोठं जनावर’ म्हणायचं. याचा अर्थ आमच्याकडं हल्ले होत नाहीत असा नाही, होतात. पण ते शेजारी आहे आणि त्याच्याशी वागायची रीत असते, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यात एका झोपडीत मादीनं चार पिल्लं दिली होती. लोकांनी झोपडी सोडून दिली, कॅमेरे लावले, गर्दी केली नाही. तिनं सवडीनं पिल्लं हलवली.

उसाच्या तोडीबद्दल माझ्या मेव्हण्याकडून कळलेलं सांगतो, तो मुकादम आहे. फड चारी बाजूंनी तोडत आत आणायचा नाही. एका कडेनं सुरू करा आणि शेवटची पट्टी दुसऱ्या उसाच्या बाजूला ठेवा, म्हणजे आतल्याला निघायला वाट राहते. सुरुवातीला डबे वाजवा. पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटो काढायला उचलू नका. सगळ्यांनी तिथून बाहेर यायचं आणि फोन करायचा. पिल्लं नेली गेली तर ती आई चार-चार रात्री त्याच जागी हिंडत राहते, आणि तेव्हा ती सगळ्यात धोक्याची असते.

अबोली_पंचवटी
शिरूरकडच्या गावांत लोकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याचे फोटो पाहिले होते. शेतात जाताना बाया ते घालतात. त्या फोटोनं मला रात्रभर झोप लागली नव्हती. मळेकरी दादा, टोळीच्या पोरांचं काही ठरलं का?

मळेकरी_गोदाकाठ
ठरलं, आणि झालंही. सगळं सांगतो.

टोळी आली त्या दिवशी मुकादमाला आणि बायांना अंगणात बसवून सगळं सांगितलं. त्यांना नवीन नव्हतं. एक बाई म्हणाली, ‘दादा, आमाला म्हाईत हाय, पर कोपी कुटं टाकावं?’ या प्रश्नाला माझ्याकडं इतकी वर्षं उत्तर नव्हतं, कारण मी विचारच केला नव्हता. आमची द्राक्षाची शेड जानेवारीच्या शेवटापर्यंत रिकामीच असते. पत्र्याची, तीन बाजू भिंत, चौथ्या बाजूला शटर. अकरा माणसं आणि सात लेकरं तिथं झोपतायत. बाहेर दिवा, शेजारी नळ, शौचालय आमचंच वापरतात. आईनं पहिल्या दिवशी थोडी कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला तीच कंदील घेऊन शेडमध्ये लेकरांपाशी जाऊन बसली, कारण आई-बाप फडात गेले होते. शेवटी आम्ही तोड उजाडल्यावर सुरू करायचं ठरवलं. गाडी उशिरा भरते, कारखान्याच्या नंबराला ओढाताण होते, पण मुकादम तयार झाला.

वाघबारस भाऊ, तुम्ही सांगितलं तसं चारीकडची पट्टी शेवटाला ठेवली. चौथ्या दिवशी दुपारी एका पोरानं हाक मारली. सरीत दोन पिल्लं, डोळे नुकते उघडलेले. सगळे मागं सरकले. १९२६ ला फोन केला, वनरक्षक आणि त्यांच्याबरोबर दोन तरुण आले. डॉक्टरांनी पिल्लं तपासली. संध्याकाळी ती होती त्याच जागी एका क्रेटखाली ठेवली. क्रेट आमच्याच द्राक्षाचं. समोर कॅमेरा लावला आणि सगळ्यांना घरात पाठवलं. मला वाटलं होतं, मला राग येईल. जिनं माझी कुत्री नेली, जी माझ्या मुलापासून वीस पावलांवर बसली होती, कदाचित हीच ती. पण त्या रात्री मी, बायको, दादा, मुकादम, सगळे खिडकीशी कान लावून बसलो होतो, आणि प्रत्येकाच्या मनात एकच होतं की ती यावी.

नऊला दहा कमी असताना ती आली. कॅमेऱ्यात सकाळी पाहिलं. क्रेट पंजानं उलटलं, एक पिल्लू मानेला धरून चारीपलीकडं गेली. अकराच्या पुढं परत आली आणि दुसरं नेलं.

ती गेली म्हणजे प्रश्न मिटला असं मी मुळीच म्हणत नाही. पलीकडच्या उसात आहे, तिथली तोड जानेवारीत आहे. त्या शेजाऱ्याशी बोललोय, त्यांचीही टोळी आमच्याच शेडमध्ये राहील, माझा माल निघायच्या आत. आज रात्री मात्र पुन्हा पाण्याची पाळी आहे, साडेबारा ते साडेआठ. आम्ही दोघं मिळून जातो, मोबाइलवर भजन मोठ्यानं लावून, हातात घुंगराची काठी. आम्ही परत येईपर्यंत बायको दारात उभी असते.

सोमवारी ग्रामसभा आहे. दिवसा विजेचा ठराव मांडणार आहे. दिवे_लावा, तुमच्या गावाच्या ठरावाचा मसुदा असेल तर इथं टाकाल का? शौचालय आणि कोप्यांच्या जागेचा मुद्दाही त्यात घालायचा आहे.

दिवे_लावा
सरपंचांकडून घेतो. रविवार संध्याकाळपर्यंत टाकतो.

दारणाकाठ
मळेकरी भाऊ, सोमवारी किती वाजता आहे? आमच्याकडचे दोघं-तिघं येतो. २०२० मध्ये आमच्यावर काय गुजरलं ते तुमच्या ग्रामसभेत उभं राहून सांगू.

मळेकरी_गोदाकाठ
सकाळी अकरा. या. जेवण आमच्याकडं.